अणुकचरा जमिनीत खोल पुरतात म्हणे, पण तो पुन्हा वर येणार नाही याची खात्री कशी करतात? आणि मग आपल्या सह्याद्रीत का नाही पुरत?

मी अणुशास्त्रज्ञ वगैरे नाही हे आधीच सांगतो. घणसोलीला राहतो आणि वीसेक वर्षं बोअरिंग-पायलिंगच्या धंद्यात आहे, म्हणजे बिल्डिंग किंवा पूल उभा राहायच्या आधी जमिनीला भोक पाडून खाली काय दडलंय ते बघायचं. या विषयात मी शिरलो तो बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या मातीमुळे, ते पुढे येईलच.

आता तुमचा प्रश्न. कचरा आपणहून वर येत नाही हो, तो घन असतो, आणि रेडिएशन म्हणाल तर ते अडवायला काही मीटर दगड पुष्कळ झाला. त्याला उचलून वर आणू शकतं ते मुख्यतः पाणी. त्यामुळे चारशे-पाचशे मीटर खालच्या दगडातून पाणी किती हळू सरकतं, कचऱ्याच्या डब्यापर्यंत कधी पोचेल आणि पोचलंच तर काय विरघळवून नेईल, जगभरातलं बरंचसं संशोधन फिरून फिरून इथेच येतं.

पाणी दगडातून कसं पळतं ते मी एकदा रबाळ्याच्या बाजूला बघितलंय. बारा मीटरवर काळा पाषाण लागला, कोअर बॉक्समध्ये, म्हणजे भोकातून काढलेले दगडाचे दांडे ठेवतात त्या पेटीत, हात-हातभर लांब अखंड तुकडे, आरक्यूडी (दगड किती अखंड आहे त्याचा टक्का) नव्वदच्या वर, आम्ही खूश. तेवढ्यात ड्रिलर ओरडला, "साहेब, पाणी गेलं!" म्हणजे ड्रिलिंगसाठी वरून सोडलेलं पाणी भोकातून परत यायचंच बंद झालं. टँकर अर्धा संपला तरी पत्ता नाही. शेवटी चहावाला सांगत आला की पलीकडच्या जुन्या खाणीच्या भिंतीतून गढूळ पाणी गळतंय, चांगलं साठ-सत्तर फूट लांब! मधे एखादी भेग असणार, नखाएवढीही नसेल. एवढा सुंदर कोअर, आणि ही गत.

म्हणून बाहेरच्या देशात कचरा पुरणारे लोक नुसत्या दगडावर विसंबत नाहीत. फिनलंडमध्ये ओल्किलुओतोला कचरा पुरायच्या जागेचं ओंकालो नावाचं जे काम चाललंय, तिथे 190 कोटी वर्षं जुन्या खडकात 400 ते 450 मीटर खाली बोगदे आहेत. वापरलेलं इंधन आधी बिडाच्या साच्यात, त्याच्यावर साधारण 5 सेंटिमीटर जाड तांब्याचं कवच, आणि डबा आणि दगड यांच्या मधे सगळीकडे ठासून बेंटोनाइट. ही मूळ पद्धत स्वीडनची, केबीएस-3 म्हणतात. फिनलंडवाल्यांनी 2024 मध्ये खरा कचरा न वापरता पूर्ण ट्रायल रन पण सुरू केली.

बेंटोनाइट म्हणजे आमच्या साइटवरची तीच राखाडी पावडर. पाण्यात घोळवून ठेवली की दह्यासारखी होते आणि गाळात पाडलेल्या भोकाच्या कडा ढासळू देत नाही, बुटाला लागली तर मात्र पाय घसरून कंबरडं मोडतं. तिकडे ती दाबून कोरड्या विटा करतात. पाणी आलं की वीट फुगते, भेगा बुजवते, मग पाणी वाहू शकत नाही, फक्त कणाकणाने मुरतं. (कच्छचं बेंटोनाइट पण स्वीडनच्या आस्पो भूमिगत लॅबमधल्या चाचण्यांत होतं, हे वाचून उगाच छाती फुगली.)

पण फुगलेलं तसंच राहील का, गरम डब्याशेजारी करपणार नाही का? स्वित्झर्लंडमध्ये ग्रिमसेलला आल्प्सच्या पोटात ग्रॅनाइटमध्ये बोगदा आहे, तिथे फेबेक्स नावाचा प्रयोग झाला. डब्याच्या आकाराचे दोन हीटर, भोवती बेंटोनाइटच्या विटा, 1997 मध्ये चालू केले आणि 100 डिग्रीवर ठेवले. एक 2002 मध्ये काढला, दुसरा थेट 2015 मध्ये. आपल्याकडे काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे 28 दिवस थांबा म्हटलं तरी क्लायंट फोन करून जीव खातो, आणि ही मंडळी 18 वर्षं हीटर लावून बसली. उघडलं तेव्हा दगडाकडची बाजू चांगली ओली, हीटरकडची त्यामानाने कोरडी, आणि विटांमधल्या फटी मिटलेल्या. मला विचाराल तर दहा रिपोर्ट एकीकडे आणि ही एक गोष्ट एकीकडे.

सगळं गोडगोड चाललंय असं पण नाही. तांबं ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात गंजतं की नाही यावर स्वीडनमध्ये जोरदार भांडण झालं, 2018 मध्ये तिथल्या पर्यावरण कोर्टाने डब्याबद्दल आणखी पुरावे मागितले, तरी जानेवारी 2022 मध्ये सरकारने फोर्समार्कला अशी जागा बांधायची परवानगी दिली. जर्मनीत आसे नावाच्या मिठाच्या जुन्या खाणीत 1967 ते 1978 मध्ये सव्वा लाखाच्या आसपास ड्रम टाकले, आता तिथे रोज साधारण 12 हजार लिटर खारं पाणी आत येतं, म्हणजे रोजचा एक मोठा टँकर समजा, आणि ते सगळं परत बाहेर काढायचा कायदा 2013 मध्ये करावा लागला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला मिठाच्या थरात 650 मीटर खाली जागा आहे, तिथे 2014 मध्ये ड्रम फुटला तो पाण्यामुळे नव्हेच. मांजरांच्या शी-शूसाठी माती वापरतात ना, ती ओल शोषायला ड्रममध्ये टाकायच्या ऐवजी कोणीतरी गव्हापासून केलेली टाकली, ती रसायनांशी भिडून तापली. जवळपास तीन वर्षं जागा बंद.

आपल्याकडे वापरलेलं इंधन फेकत नाहीत, त्यातलं प्लुटोनियम-युरेनियम काढून घेतात. उरलेला जहाल भाग काचेत वितळवून स्टीलच्या डब्यात भरतात आणि हवेने थंड होणाऱ्या स्टोअरमध्ये ठेवतात, तारापूरला तसं आहे. त्यामुळे जमिनीत पुरायची घाई नाही. पण अभ्यास झालाय, 1980 च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने (बीएआरसी) कोलारच्या सोन्याच्या खाणीत साधारण एक किलोमीटर खाली हीटर लावून दगड कसा वागतो ते बघितलं होतं.

सह्याद्रीचं म्हणाल तर आपला बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, थंड होताना पडलेले उभे तडे, मधेमधे लाल मातीचे पट्टे, आणि वर कोयनेचा 1967 चा भूकंप. पाऊस थांबून आठवडा झाला तरी पारसिकच्या उतारावर कातळातून पाणी झिरपताना दिसतं, ते याच तड्यांमधून. आमच्या बोअरलॉगमध्ये, म्हणजे भोकाच्या नोंदवहीत, तो लाल पट्टा आला की वर किंवा खाली शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, "वॉटर लॉस".