घड्याळातला आकडा आणि सेमिनरी हिल्सचा चढ

"मॅडम, हृदयाचे ठोके वयाच्या मर्यादेपलीकडे गेले, धावणे सोडू का?" हा प्रश्न धावणाऱ्यांना मार्गदर्शन करताना मी नागपुरात इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्यातील एक अनुभव, ओळख बदलून, येथे मांडते.

बँकेत नोकरी करणारे 46 वर्षांचे एक गृहस्थ आले, तेव्हा डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करताना हृदयाची तपासणी, करून त्यांचे हृदय निरोगी असल्याचा निर्वाळा दिला होता. (छातीत दुखत असेल, भोवळ येत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग मी, हा माझा नियम आहे.) तरीही सेमिनरी हिल्सच्या चढावर घड्याळाने मिनिटाला 183 ठोके दाखवल्यापासून त्यांचा धीर सुटला होता. कमाल ठोक्यांच्या प्रचलित सूत्राप्रमाणे 220 मधून वय वजा केले की 174 उरतात, म्हणजे वरचे नऊ ठोके धोक्याचे, असा त्यांचा हिशेब होता.

"तुमच्या वयाच्या सगळ्या पुरुषांची उंची सारखी असते का?" मी विचारले.

"नाही."

"मग ठोके तरी सारखे कसे असतील?"

ते सूत्र केवळ सरासरी सांगते आणि निरोगी माणसातही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. स्वतःचा कमाल आकडा सरावाने वाढत नाही, तो जास्त असणे हे कर्तृत्व नाही आणि कमी असणे हा दोषही नाही. तो शोधायचा तर गार सकाळी, पुरेशी विश्रांती झालेली असताना, सोबतीला कोणी घेऊन, वीस मिनिटे अंग तापवावे आणि तीन-तीन मिनिटांचा चढ तीनदा धावावा. शेवटच्या खेपेस सर्व जोर लावल्यावर दिसणारा सर्वांत मोठा आकडा आपला मानावा. ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा वापरणे उत्तम, कारण मनगटावरचे घड्याळ कधीकधी पावलांनाच ठोके समजते. त्यांचा आकडा 184 आला.

खरी गाठ मात्र पुढे होती. ते आठवड्याचे सहा दिवस धापा टाकत धावत, सावकाश धावा म्हटले, तर पुढच्या भेटीत म्हणाले, "जमत नाही. चालणारे पेन्शनरसुद्धा पुढे जातात. लोक काय म्हणतील?"

"कोण म्हणाले?"

त्यांनी घड्याळाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "कोणीच नाही. मीच म्हणतो."

त्या वाक्याची मी तीन भेटी वाट पाहिली होती. आकड्याची भीती आणि संथपणाची लाज या दोन्हींचे मूळ एकच होते, हे मला तेव्हा स्वच्छ दिसले: मोजमापाला ते स्वतःविषयीचा निकाल समजत होते. माणूस हा समज स्वतःच्या तोंडून ऐकतो, तेव्हाच तो सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर आठवडा बसवणे सोपे गेले. मंगळवारी आणि शनिवारी 138 ठोक्यांच्या आत, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा गतीने चाळीस मिनिटे. रविवारी त्याच गतीने सव्वा तास. आणि फक्त गुरुवारी, साधारण 165 पर्यंत नेणाऱ्या चार-चार मिनिटांच्या चार खेपा, मध्ये तीन मिनिटे हळू. उरलेले दिवस विश्रांतीचे.

एप्रिल-मे महिन्यांत शरीर गार राहण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवते आणि त्याच गतीला ठोके वाढतात. तेव्हा सूर्योदयापूर्वी निघावे, गती कमी करावी, गरज पडल्यास चालावे. मागच्या मे महिन्यात ते अंबाझरी तलावाच्या काठाने चालले, आणि तसे त्यांनी मला आपणहून सांगितले.