आयबी, एपी की ए-लेव्हल? मुलगी दहावीत, नागपुरात

तुमचा प्रश्न: मुलीला बारावीनंतर परदेशात शिकायचंय, तर यातलं काय घ्यावं?

आधी तिला विचारा, लिहायला आवडतं का? आयबी डिप्लोमात (अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) सहा विषय, प्रत्येकी 7 गुण, वर निबंध वगैरेंचे 3, असे एकूण 45. पण खरा कस लागतो तो 4000 शब्दांच्या निबंधात. माझ्या भाचीने फुटाळा तलावाच्या पाण्यावर लिहिला होता. नमुन्यांच्या बाटल्या महिनाभर आमच्या गॅलरीत होत्या, मसुदा कितीदा फाडला असेल! कॉलेजात गेल्यावर तिला प्रकल्प जड गेले नाहीत ते त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

एका-दोन विषयांतच जीव रमत असेल तर ए-लेव्हल, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा बारावीपर्यंतचा अभ्यासक्रम. तिथे साधारण तीनच विषय, पण खोलात. इंग्लंडला जायचं असेल तर हे उत्तमच.

एपी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या विषयवार परीक्षा. त्यांचं बरं असं की सीबीएसई न सोडता, जमतील तेवढेच विषय देता येतात. परीक्षा मे महिन्यात, गुण 1 ते 5.

मात्र व्हीएनआयटीचा (नागपुरातलं इंजिनिअरिंग कॉलेज, प्रवेश जेईई परीक्षेतून) विचार थोडासाही मनात असेल, तर सीबीएसई किंवा स्टेट बोर्डच धरा. जेईईची तयारी आणि आयबी एकाच वेळी करायला लावून पोरीला दमवू नका हो.