क्ष-किरण तंत्रज्ञ होण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बारावीच्या निकालानंतर क्ष-किरण तंत्रज्ञाच्या शिक्षणाविषयी आणि नोकरीविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्यांचे प्रश्न यांच्यासारखेच होते, त्यांनी हेच आपलेही उत्तर समजावे, ही विनंती.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेतून जीवशास्त्रासह उत्तीर्ण झालो आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एक संस्था एक वर्षाचा ‘रेडिओलॉजी’चा कोर्स चालवते आणि नोकरीची हमी देते. पदवीला चार वर्षे लागतील आणि घरची परिस्थिती बेताची आहे. मी काय करावे? (एक विद्यार्थी, बीड जिल्हा)

शक्य असेल तर पदवीचाच मार्ग धरा, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा परावैद्यक (पॅरामेडिकल) तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम, ज्याला विद्यार्थी बीपीएमटी म्हणतात, तीन वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर फी तुलनेने कमी राहते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेथे हाड मोडलेला शेतमजूर, दम लागलेली वृद्धा, रडणारे तान्हे मूल, अपघातातून स्ट्रेचरवर आलेला बेशुद्ध तरुण असे सगळ्या तऱ्हांचे रुग्ण हाताळायला मिळतात. एक वर्षाच्या कोर्सबाबत माझी शंका कायद्याच्या अंगानेही आहे. संसदेने 2021 मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात वैद्यकीय प्रतिमा तंत्रज्ञानाचाही समावेश असून, सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2,000 तासांचे आणि दोन ते चार वर्षांत विभागलेले, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3,600 तासांचे आणि तीन ते सहा वर्षांचे शिक्षण सांगितले आहे. एका वर्षात उरकलेला कोर्स यांपैकी कोणत्याही व्याख्येत बसत नाही, आणि तुमची नोकरी तर पुढची तीस-पस्तीस वर्षे चालायची आहे. पदवी अगदीच शक्य नसेल, तर निदान दोन वर्षांची मान्यताप्राप्त पदविका घ्या.

‘नोकरीची हमी’ या शब्दांवर एक रुपयाही भरू नका. संस्थेला चार गोष्टी लेखी विचारा : परीक्षा कोण घेते, प्रमाणपत्र कोण देते, त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते. मग त्या रुग्णालयात स्वतः जाऊन तेथे शिकणाऱ्या मुलांशी बोला. त्यांच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज दिसतो का, रुग्णाला ‘पोझिशन’ देण्याचे काम ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली त्यांना करू देतात का, की ती फक्त अर्ज भरतात आणि स्ट्रेचर ढकलतात, हे तासाभरात कळते. चकचकीत वर्गखोली आणि माहितीपत्रकावरचे एमआरआयचे छायाचित्र यांवरून काहीच कळत नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, ते छातीच्या साध्या एक्स-रेवरून लक्षात येईल. रुग्णाला छाती डिटेक्टरला, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या पाटीला, टेकवून उभे करायचे, क्ष-किरण सोडणारी नळी त्याच्या पाठीमागे सुमारे सहा फुटांवर ठेवायची, हनुवटी वर घ्यायची, आणि खांदे पुढे वळवून घ्यायचे म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग खोल श्वास घेऊन रोखायला सांगायचे. हृदय छातीच्या पुढच्या बाजूस असल्यामुळे या स्थितीत ते डिटेक्टरच्या जवळ राहते आणि त्याची सावली फारशी फुगत नाही. हाच एक्स-रे अतिदक्षता विभागात, झोपलेल्या रुग्णाचा, पोर्टेबल यंत्रावर समोरून काढला की निरोगी हृदयही मोठे भासते. रुग्ण किंचित वळलेला असेल, तर दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोके मणक्यापासून सारख्या अंतरावर दिसत नाहीत आणि एक फुप्फुस उगाचच अधिक काळे दिसू लागते. श्वास अर्धवट घेतला असेल, तर फुप्फुसाच्या तळाशी नसलेला न्यूमोनिया दिसतो. अशी प्रतिमा एक तर डॉक्टरांची दिशाभूल करते किंवा पुन्हा काढावी लागते, आणि पुन्हा काढणे म्हणजे तंत्रज्ञाच्या उणिवेपायी रुग्णाच्या शरीरात दुसऱ्यांदा किरण सोडणे. पहिल्याच खेपेला योग्य प्रतिमा मिळवणे हे या व्यवसायाचे मर्म आहे, आणि ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून, शेकडो रुग्ण हाताळूनच येते. किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे किरणांचा जोर आणि प्रमाण, यांचे गणित पुस्तकातून समजते. बहिऱ्या आजोबांना श्वास रोखायला कसे लावायचे, ते पुस्तकातून समजत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत आहे. नातेवाईक म्हणतात की किरणांमुळे पुढे लग्नाला आणि मूल होण्याला अडचण येईल. मला रात्र-रात्र झोप लागत नाही. (एक आई, सांगली)

ताई, आपली काळजी मी हलकी लेखत नाही. क्ष-किरण शरीराला अपाय करू शकतात, हे खरेच आहे. राँटगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी त्यांचा शोध लावल्यानंतरच्या काळात, संरक्षणाशिवाय काम करणाऱ्या अनेकांचे हात भाजले आणि काहींचे कर्करोगाने प्राण गेले. त्या अनुभवातूनच आजचे नियम आले आहेत, आणि ते पाळले जातात तेथे आपल्या मुलीचे काम सुरक्षित आहे.

आकडे पाहा. निसर्गातूनच, म्हणजे जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून, जगातील माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा मिळते. आपल्याकडील अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गाच्या क्षेत्रातील कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30 अशी मर्यादा घातली आहे. साध्या एक्स-रे विभागात भिंतीआड किंवा शिशाच्या काचेमागे उभे राहून काम करणाऱ्या तंत्रज्ञाची प्रत्यक्ष मात्रा या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहते. ती मोजण्यासाठी टीएलडी बॅज असतो. तो छातीवर, शिशाचा ॲप्रन घातला असेल तर त्याच्या आत, लावायचा असतो आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तपासला जातो. कर्मचारी स्त्रीने गरोदरपणाची माहिती संस्थेला दिली की उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, अशी तरतूद आहे आणि त्यानुसार कामाची जागा बदलून द्यावी लागते. मुलीने ही माहिती संकोच न करता, लवकरात लवकर आणि लेखी द्यावी.

दोन गैरसमज दूर करणे गरजेचे वाटते. यंत्राचे बटण सोडताच क्ष-किरण थांबतात; ते खोलीत, चादरीवर किंवा कपड्यांत साचून राहत नाहीत आणि मुलीबरोबर घरी येत नाहीत. दुसरे म्हणजे, विभागात नुसते असणे धोक्याचे नसते, निष्काळजीपणा धोक्याचा असतो. किरण सुटताना रुग्णाच्या शरीरावरून ते विखुरतात आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला या विखुरलेल्या किरणांचीच मात्रा मिळते. अंतर दुप्पट केले की ती सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून हलणाऱ्या मुलाला धरण्याचे काम तंत्रज्ञाने रोज स्वतः करायचे नसते. आधार देणारी साधने वापरावीत, आणि ती नसतील तर गरोदर नसलेल्या नातेवाइकाला ॲप्रन घालून धरायला सांगावे. ‘एवढ्या-तेवढ्याने काय होते’ म्हणून दार उघडे ठेवून एक्स-रे काढणाऱ्या ठिकाणी मात्र मुलीला नोकरी करू देऊ नका, पगार कितीही असो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून तो विभाग निर्धोक मानला जातो, तेही बरोबर नाही. तेथील चुंबक रात्रंदिवस चालू असतो. 2018च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा एक तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन मरण पावला. त्या दारात उभे राहून प्रत्येकाला अडवणे आणि खिसे रिकामे करायला लावणे हेही तंत्रज्ञाचेच काम आहे, मग समोर वरिष्ठ डॉक्टर का असेनात.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून एका खासगी केंद्रात पाहून-पाहून शिकलो आणि आता एक्स-रे एकटाच काढतो. माझ्याकडे पदविका नाही. आता मालक सोनोग्राफीही शिकून घे म्हणतात. अनुभवावर पुढे जाता येईल का? (एक वाचक, ठाणे जिल्हा)

नाही. एक्स-रे यंत्र चालवणाऱ्याची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवून दिलेली आहे आणि अनुभव तिची जागा घेत नाही. उद्या तपासणी झाली किंवा एखाद्या रुग्णाने तक्रार केली, तर केंद्र अडचणीत येईलच, पण तुमच्या हातीही दाखवण्याजोगे काही नसेल. तुमची मेहनत वाया गेली असे मी म्हणणार नाही. सरावलेला हात अभ्यासक्रमात फार उपयोगी पडतो. मात्र आधी प्रवेश घ्या, आणि तोवर एकट्याने यंत्र चालवणे थांबवा.

सोनोग्राफीच्या बाबतीत तर विचारच करू नका. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 मध्ये केलेल्या कायद्यामुळे आपल्याकडे यंत्र, केंद्र आणि तपासणी करणारा डॉक्टर या तिघांवरही कडक बंधने आहेत. परदेशात तंत्रज्ञ सोनोग्राफी करतात म्हणून येथेही चालेल, असा समज करून घेऊ नका. मालकांना हे नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

प्रश्न : आंतरवासिता संपत आली आहे. पहिली नोकरी सीटी-एमआरआय सेंटरमध्ये घ्यावी की सरकारी भरतीची वाट पाहावी? परदेशाचेही मनात आहे. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

वाट पाहत घरी बसू नका. सार्वजनिक आरोग्य विभागातील क्ष-किरण वैज्ञानिक अधिकाऱ्यासारखी पदे, रेल्वेतील रेडिओग्राफरची पदे, राज्य विमा आणि महापालिका रुग्णालये यांच्या जाहिराती ठरावीक वेळेला येत नाहीत. नोकरी करता करता अर्ज भरत राहावे आणि परावैद्यक परिषदेची नोंदणी आधीच करून ठेवावी, कारण ऐन वेळी कागद अपुरे पडल्यामुळे चांगले उमेदवार मागे राहतात.

पहिल्या नोकरीसाठी मी मोठ्या, गजबजलेल्या रुग्णालयातील साधा एक्स-रे आणि पोर्टेबल विभाग सुचवेन, जरी सीटी सेंटरचा पगार सुरुवातीला थोडा जास्त असला तरी. सीटीमध्ये यंत्र बरेच काम स्वतः करते. पण रुग्णाला ॲलर्जी आहे का, मूत्रपिंडाचा क्रिएटिनिनचा अहवाल पाहिला का, आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक दिसण्यासाठी टोचायचे औषध) दिल्यावर त्याला दम लागला तर पहिल्या मिनिटात काय करायचे, ही तयारी गंभीर रुग्ण सतत येतात अशा ठिकाणी पक्की होते. वर्ष-दोन वर्षांनी सीटीकडे आणि तेथून एमआरआयकडे जाणे सोपे जाते.

परदेशाविषयी थोडक्यात : ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी लागते आणि तेथे परदेशी पदवीधरांचे अर्ज तपासले जातात. आखाती देशांत कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी आणि परवाना परीक्षा असते. अमेरिकेत एआरआरटी या तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेला बसण्यासाठी त्यांच्या मान्यतेचे शिक्षण लागते, त्यामुळे तो मार्ग बहुधा तेथे जाऊन पुन्हा शिकण्याचा ठरतो. यासाठी आतापासून विषयवार तासांचा तपशील असलेली गुणपत्रिका, आंतरवासितेची नोंदवही आणि अनुभवाची पत्रे जपून ठेवा. नोकरी बदलताना टीएलडी बॅजच्या आजवरच्या मात्रेची नोंदही संस्थेकडून मागून घ्या आणि नव्या ठिकाणी रुजू होताना ती द्या, म्हणजे पाच वर्षांची बेरीज खंड न पडता पुढे चालू राहील.