रनरने 'हस्तक्षेप' केला की तो 'आड आला'?

प्रश्न आलाय की बेसबॉलच्या 'इंटरफिअरन्स'ला मराठीत हस्तक्षेप म्हणावं का, आणि 'इनफिल्ड फ्लाय'ला काय म्हणायचं.

हस्तक्षेप नकोच. कोर्टाने हस्तक्षेप केला, मंत्र्यांनी हस्तक्षेप केला, म्हणजे कोणीतरी ठरवून हात घातला. रनर म्हणजे बॅटिंग टीमचा, एका बेसवरून (मैदानातल्या चार ठाण्यांपैकी एक) पुढच्या बेसकडे पळणारा खेळाडू; त्याच्या नियमात हेतू बघतच नाहीत, बॅटरने मारलेला बॉल घ्यायला निघालेल्या फिल्डरच्या वाटेत रनर आला आणि त्याची अडचण झाली की रनर आउट, चुकून आला तरी. (फेकलेल्या बॉलचं वेगळं, तिथे मुद्दाम केलेलंच धरतात.) यासाठी आपल्याकडे 'आड येणं' आहे ना! नाटकाला खांब आड आला म्हणून स्टेज दिसलं नाही असं आपण सहज म्हणतो, खांबाने काही ठरवून केलेलं नसतं. क्रिकेटमध्ये मात्र मुद्दाम असावं लागतं, 1989 मध्ये अहमदाबादला मोहिंदर अमरनाथने बॉल पायाने मारला आणि आउट झाला, तिथे 'क्षेत्ररक्षणात अडथळा' चपखल बसतं. आणि बेसबॉलमध्येच उलट झालं, म्हणजे बॉल हातात नाही, घ्यायलाही जात नाहीये आणि तरी फिल्डर रनरच्या मध्ये उभा, तर त्याला 'वाट अडवली' म्हणा, तो 'ऑब्स्ट्रक्शन'चा नियम.

इनफिल्ड फ्लाय, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानावर उंच उडालेला बॉल, तसाच ठेवा, 'अंतर्क्षेत्र' वगैरे केलं तर वाचणारा तिथेच अडकेल. फक्त 'झेलबाद' लिहू नका, कारण इथे कॅच सुटला तरी बॅटर आउटच! दोनपेक्षा कमी आउट, पहिल्या-दुसऱ्या बेसवर (किंवा तिन्ही बेसवर) रनर, आणि इनफिल्डरला सहज घेता येईल असा उंच चढलेला बॉल असेल तर अंपायर लगेच पुकारतो, मग बॉल फेअर, म्हणजे मैदानाच्या रेषांच्या आत, राहिला की झालं. नाहीतर फिल्डर मुद्दाम कॅच सोडणार आणि कॅच होईल म्हणून बेसला चिकटून उभ्या असलेल्या रनरना पळायला लावून दोघांना आउट करणार.

दोन्ही नियम एकाच बॉलवर लागले ते 23 मे 2024 ला शिकागोत. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, एक आउट (तीन झाले की इनिंग संपते), ओरिओल्स 8-6 ने पुढे. व्हाइट सॉक्सच्या बेनिनटेंडीचा बॉल वर चढला, दुसऱ्या बेसकडे परतणारा रनर व्हॉन ओरिओल्सच्या शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) हेंडरसनच्या वाटेत आला, हेंडरसनने कॅच घेतला तरी अंपायरने व्हॉनलाही आउट दिलं. आता हे 'हस्तक्षेप' घालून लिहून बघा, व्हॉनने काहीतरी लबाडी केली असंच वाटेल. मी असं लिहीन: बॅटर इनफिल्ड फ्लायवर आउट, फिल्डरच्या आड आला म्हणून रनर आउट, मॅच संपली.