जिनिव्हाला निवेदन पाठवायचंय?

प्रश्न : आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांबरोबर काम करते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत दर साडेचार-पाच वर्षांनी भारताचा आढावा होतो. त्यात आमच्यासारख्या लहान संस्थेला काही मांडता येतं का?

उत्तर : येतं. लेखी निवेदनाला संयुक्त राष्ट्रांची सल्लागार मान्यता लागत नाही. ती लागते जिनिव्हाच्या सभागृहात बसायला आणि नंतर आढाव्याचा अहवाल मंजूर होताना दोन शब्द बोलायला. प्रत्यक्ष आढाव्याच्या साडेतीन तासांत फक्त देश बोलतात.

एका संस्थेच्या निवेदनाला २,८१५ शब्दांची मर्यादा आहे, अनेकांनी मिळून केल्यास ५,६३० शब्दांची. भाषा शक्यतो इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. वर्ड फाइल ऑनलाइन भरायची. मुदत फार आधी संपते: नोव्हेंबर २०२२ च्या आढाव्यासाठी ती मार्चअखेर होती. निवेदन जसंच्या तसं जाहीर होतं, म्हणून पीडित बाईचं नाव, गाव, मुकादमाचं नाव असं ओळख पटवणारं काहीही लिहू नका.

बहुतेक संस्था चुकतात ते पुढे. सगळ्या निवेदनांचा मिळून दहाएक पानांचा एकच गोषवारा होतो. तुमच्या वाट्याला त्यात एखाददुसरी ओळ. आढाव्यात इतर देश भारताला शिफारशी करतात; त्या सगळ्यांना मिळून १४० मिनिटं असतात. २०२२ मध्ये भारताच्या वेळी १३० देश होते, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात राजदूताला उचलून वाचता येईल असं वाक्य तुम्हीच तयार करून द्यायचं. ‘ऊसतोड महिलांच्या हक्कांचं रक्षण करावं’ ही शिफारस कुठलंही सरकार हसत हसत मान्य करील, कारण ती तपासताच येत नाही. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. तेव्हा असं लिहा : ‘प्रत्येक गळीत हंगामाआधी महिलांची कामगार म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी आणि मजुरी त्यांच्याच खात्यात जमा करावी.’

मग हे वाक्य घेऊन दिल्लीतल्या दूतावासांत जा, आढाव्याच्या दोन-तीन महिने आधी. एका पानाचं टिपण पुरे, आणि एका देशाकडे एकच मागणी. दहा मागण्यांची यादी दिलीत तर एकही उचलली जात नाही.

प्रश्न : सरकारने शिफारशीची फक्त ‘नोंद घेतली’, तर विषय संपला का?

उत्तर : नाही. या प्रक्रियेत ‘फेटाळली’ असा शेरा नसतोच. शिफारशीला पाठिंबा द्यायचा किंवा तिची नोंद घ्यायची. २०२२ मध्ये भारताला ३३९ शिफारशी आल्या, त्यांपैकी २२१ ना पाठिंबा मिळाला. अर्थात पाठिंब्यावरही विसंबू नका. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. तो मंजूर करा, असं आढाव्यात वारंवार सांगितलं गेलं, तरी मंजुरी झालेली नाही. जुन्या शिफारशीचा क्रमांक देऊन तिचं काय झालं, तिथूनच पुढचं निवेदन सुरू करा. मध्यावधी अहवाल संस्थांनाही पाठवता येतो; तिकडे फार थोडे वळतात.