दालनातल्या जित्या जिवांविषयी

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

संग्रहालयाच्या जिवंत प्राण्यांच्या दालनात रुजू झालीस, फार आनंद झाला. शेजारच्या दालनातल्या पेंढा भरलेल्या बिबट्याला एक दिवस विसरलं तरी चालतं. धामणीला विसरून चालत नाही, आणि ती तक्रारही करत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वही घाल: कोणी काय खाल्लं, काय टाकलं, वजन किती, विष्ठा कशी, कात कधी टाकली.

कातीकडे विशेष लक्ष दे. आधी सापाचे डोळे निळसर, दुधाळ होतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो लगेच बिथरतो. तेव्हा उगाच हात लावायचा नाही, खाण्यासाठी मागे लागायचं नाही. पेटीत ओलावा वाढव, अंग घासायला खडबडीत ओंडका ठेव. शाळेची सहल दारात उभी असली तरी काचेवर पडदा ओढ. त्यासाठी वरिष्ठांशी वाद घालावा लागला तर खुशाल घाल. टाकलेली कात लगेच फेकू नकोस. तोंडाकडचा भाग उजेडात धर आणि डोळ्यांवरची पारदर्शक खवलं दोन्ही निघालीत का ते बघ. एखादं डोळ्यावरच राहिलं असेल तर चिमट्याने ओढू नकोस, पशुवैद्यांना बोलाव.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विल्यम नावाचा महाधनेश पक्षी होता. 1894 साली कारवारहून पिल्लू म्हणून आला आणि अपोलो स्ट्रीटवरच्या कचेरीत 1920 पर्यंत राहिला. आज सोसायटीच्या बोधचिन्हावर आहे तो धनेश त्याच्यावरूनच घेतलेला. तारेचा तुकडा गिळल्याने तो गेला असं सांगतात. त्याला ओळखणाऱ्या नॉर्मन किनिअर यांना ते पटलं नव्हतं. जुना मित्र, सोसायटीचा सचिव मिलार्ड, दुरावल्याने विल्यम गेला, असं त्यांचं मत. खरं कारण कोणतंही असो, मी दोन्ही मनावर घेतो. पेटी उघडलीस की आधी जमीन तपास: तार, खिळा, वेफर्सचं पाकीट. आणि एखाद्या जिवाला तुझ्या एकटीचीच सवय लागू देऊ नकोस. रजेवर जाण्याआधी चार दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी हातून खाऊ घाल.

लोक जखमी घार, पोत्यातलं कासव घेऊन येतील. दयेपोटी ठेवून घेऊ नकोस. वन्यजीव कायदा आहे, आधी वन विभागाला फोन कर.

नागपंचमीला कोणी दुधाची वाटी आणेल. रागावू नकोस, पण वाटी काचेच्या आत जाता कामा नये. साप दूध पीत नाही, बळजबरीने पाजलं तर मरू शकतो, हे त्यांना तिथेच, नागाच्या पेटीसमोर उभं राहून सांग.

तुझा,
काका