मोटार थरथरते, अक्षरं सरकतात: छोट्या सीएनसीची प्रश्नोत्तरे

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोल बोर्ड), जीआरबीएल (त्यावर चढवलेलं, मशीन हलवणारं फर्मवेअर) आणि स्टेपर मोटारी (ठरावीक छोट्या स्टेपांनी फिरणाऱ्या) यांवर चालणाऱ्या छोट्या सीएनसी राऊटरबद्दल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या मशीनबद्दल आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट, जी सगळ्यांनाच लागू आहे. मोटारीची वायर काढायची किंवा लावायची असेल, तर आधी सप्लाय बंद करा. चालू सप्लायवर कनेक्टर निघाला की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो, व्होल्टेज उसळतं आणि ड्रायव्हर (मोटारीला प्रवाह पुरवणारा बोर्ड) जळतो. लूज कनेक्शन आहे का बघायला कनेक्टर हलवला, तरी तेवढंही पुरतं.

प्रश्न: नवीन मशीन जोडलं. एक्स आणि वाय छान चालतात, झेडची मोटार मात्र जागच्या जागी थरथरते. ड्रायव्हर बदलून पाहिला, तेच. मोटार खराब निघाली का?

मोटार बहुधा ठणठणीत आहे, तारांच्या जोड्या चुकल्या आहेत. चार तारांच्या स्टेपरमध्ये दोन स्वतंत्र कॉइल असतात. सप्लाय बंद करून कनेक्टर सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवा. ज्या दोन तारांमध्ये काही ओहम दिसतात ती एक जोडी. उरलेल्या दोन तारांची दुसरी. मीटर हाताशी नसेल तर कोणत्याही दोन तारांची उघडी टोकं एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. जोडी बरोबर असेल तर शाफ्ट लगेच जड लागतो, अडखळत फिरतो.

सीएनसी शील्डवर (उनोवर बसणारा, ड्रायव्हर लावायचा बोर्ड) शेजारशेजारच्या दोन पिना एका कॉइलच्या असतात. रंगांवर मात्र विसंबू नका. एकाच लाल-निळ्या-हिरव्या-काळ्या केबलचा क्रम कंपनीगणिक बदलतो. एखादी जोडी उलटी लागली तर नुसती दिशा उलटते, ती जीआरबीएलच्या $३ सेटिंगमधून सुधारता येते.

जोड्या बरोबर असूनही थरथर थांबली नाही, तर बहुधा एका कॉइलचा मार्ग तुटलेला आहे. मीटर लावून ठेवा आणि केबल इंचाइंचाने वाकवत जा. आकडा जिथे गायब होतो तिथे दोष. बऱ्याचदा तो क्रिंप केलेल्या पिनेतच सापडतो.

प्रश्न: ए४९८८ ड्रायव्हरचा व्हीरेफ (बोर्डावरच्या छोट्या स्क्रूने ठरणारं, मोटारीच्या प्रवाहाची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) एक जण ०.४ सांगतो, दुसरा ०.८. माझी नेमा १७ मोटार १.५ अँपिअरची आहे. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं, कारण बोर्ड वेगवेगळे आहेत. चिपशेजारी दोन काळे चपटे रेझिस्टर दिसतील, त्यांच्यावरचा आकडा भिंगाने वाचा. आर१०० म्हणजे ०.१ ओहम, आर०६८ म्हणजे ०.०६८, आर०५० म्हणजे ०.०५. सूत्र असं: व्हीरेफ = ८ × प्रवाह × रेझिस्टर. म्हणजे १ अँपिअरसाठी आर१०० ला ०.८ व्होल्ट, आर०६८ ला ०.५४ आणि आर०५० ला ०.४. आर१०० समजून आर०५० च्या बोर्डावर ०.८ ठेवलात, तर दुप्पट प्रवाह मागाल.

१.५ अँपिअरच्या मागे लागू नका. पंखा नसेल तर ही चिप १ अँपिअरच्या पुढे तापून मधूनमधून बंद पडते, आणि तुम्हाला वाटतं स्टेप चुकल्या. १ अँपिअरवर सुरुवात करा.

ए४९८८ चा व्हीरेफ लॉजिकच्या ५ व्होल्टांतून येतो, त्यामुळे फक्त यूएसबी लावून तो मोजता येतो. डीआरव्ही८८२५ या दुसऱ्या ड्रायव्हरला मोटारीचा सप्लायही लागतो. तेव्हा स्क्रूड्रायव्हर घसरू देऊ नका, शेजारच्या पिनेला टेकला तर बोर्ड गेला.

प्रश्न: नेमा २३ मोटार, टीबी६६०० ड्रायव्हर, ५ मिमी लीडचा (एका फेरीत ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू, १/८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग). नेमप्लेट कोरताना पहिली ओळ अचूक येते, शेवटची दोन-अडीच मिमी उजवीकडे सरकते. $१०० (एक्सला दर मिमीला किती स्टेप, ते सेटिंग) ३२० वरून ३२३ केलं, तरी तसंच.

$१०० आधी परत ३२० करा. एका फेरीच्या २०० स्टेप गुणिले ८ भागिले ५, म्हणजे ३२०. हा आकडा स्क्रूच्या रचनेतून येतो, तो चाळवून सरकणं जाणार नाही. तो चुकीचा असता तर अक्षरांचा आकार बदलला असता. तुमची अक्षरं मापात आहेत, जागा ढळते आहे.

मार्करने मोटारीचा शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू यांवरून एक सरळ रेघ ओढा आणि तोच जॉब चालवा. रेघ तुटली तर कपलिंगचा ग्रब स्क्रू घसरतोय. शाफ्टच्या सपाट बाजूवर बसवून आवळा.

रेघ अखंड असेल तर $१२० मधलं प्रवेग निम्मं करून पाहा. सरकणं कमी झालं, तर मोटारीला वेग पकडणं झेपत नाही. प्रवाह, सप्लायचं व्होल्टेज आणि स्लाइड कुठे अडकते का, या क्रमाने बघा.

प्रवेग निम्मं करूनही तेवढंच सरकलं, तर माझा संशय दिशेच्या सिग्नलवर आहे, आणि हा दोष लोक महिनोन्महिने मेकॅनिकलमध्ये शोधत बसतात. जीआरबीएल दिशेची पिन बदलतं आणि लगेच, जवळजवळ त्याच क्षणी, स्टेपचा पल्स सोडतं. ड्रायव्हरच्या तोंडाशी ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) असतो. तो चालू पटकन होतो, बंद सावकाश होतो. त्यामुळे एका बाजूने वळताना ड्रायव्हरला नवी दिशा वेळेवर कळते, दुसऱ्या बाजूने वळताना पहिली स्टेप जुन्याच दिशेने पडते. एक स्टेप उलटी म्हणजे दोन स्टेपांचा फरक, आणि तो दर खेपेला एकाच बाजूला साठत जातो. म्हणूनच तुमची अक्षरं नेहमी उजवीकडेच जातात.

खात्री करायला डायल गेज लावून एक्सला १ मिमी पुढे-मागे ५०० वेळा नाचवा. ५०० × २ ÷ ३२० म्हणजे जवळपास ३.१ मिमी, एवढा फरक आला तर गुन्हेगार हाच. उपाय फर्मवेअरमध्ये आहे. जीआरबीएल १.१ च्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टेप पल्स डिले’ नावाची ओळ बंद ठेवलेली असते. ती १० मायक्रोसेकंदावर सुरू करून फर्मवेअर पुन्हा चढवा.

प्रश्न: होमिंग (मशीनने लिमिट स्विचवरून स्वतःची सुरुवातीची जागा शोधणं) नीट होतं, पण ७७५ मोटारीचं स्पिंडल लावून कोरायला लागलं की अधूनमधून अलार्म १ येतो. लिमिट स्विचजवळ काहीच गेलेलं नसतं.

अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट लागली, म्हणजे टोकाचा स्विच दाबला गेला, असं बोर्डाला वाटलं. उनोच्या चिपमधला अंतर्गत पुल-अप (पिनेला ५ व्होल्टांकडे ओढून धरणारा रेझिस्टर) फार कमकुवत असतो, २० ते ५० किलोओहम. त्यावर मीटरभर लांब वायर म्हणजे अँटेनाच. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट ती उचलते.

सुरुवात स्पिंडलपासून करा. मोटारीच्या दोन टर्मिनलांवर ०.१ मायक्रोफॅराडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करा. स्पिंडलची वायर आणि लिमिटच्या वायरी एकाच केबल-चेनमध्ये शेजारी पळवू नका. जागाच नसेल तर लिमिटला शील्डेड केबल घ्या आणि तिचं शील्ड फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंड करा. मग स्विच एनसी पद्धतीने (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) जोडा आणि $५ ला, म्हणजे लिमिटचा सिग्नल उलटा वाचणाऱ्या सेटिंगला, १ द्या. तुटलेली वायरसुद्धा मग लगेच लक्षात येते. एवढ्यानेही भागलं नाही तर सिग्नल आणि ५ व्होल्ट यांमध्ये १ ते ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घाला.

$२१ शून्य करून अलार्म बंद करणं हा तपासणीपुरता उपाय आहे, कायमचा नाही. आणि तुमच्या वर्कशॉपच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तिसरी पिन दिसते म्हणून मागे तार जोडलेली असतेच असं नाही.

प्रश्न: सीएनसी शील्ड व्ही३ वर झेडची लिमिट अजिबात चालत नाही. एक्स, वाय चालतात.

शील्डवरचा छापा जुन्या जीआरबीएलप्रमाणे आहे. नंतर स्पिंडलच्या वेगनियंत्रणासाठी पिन ११ लागली आणि झेडची लिमिट १२ वर गेली. झेडच्या स्विचची वायर ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनांवर लावा. स्पिंडलचा सिग्नल आता झेड-लिमिटच्या पिनांवर मिळेल.